पॅरिसहून एक तास बावीस

५ नोव्हेंबर, ब्रसेल्स
आज ओदील आली होती. माझी धाकटी बहीण — महिन्यातून एकदा पॅरिसहून येते, दोन तास बसते, जाते. आई हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसली. चार दिवस माझ्या हातून सूप घेत नव्हती, ती! येईल त्या नर्सला तेच सांगत होती — "ही माझी लेक. पॅरिसहून आलीय, एक तास बावीस मिनिटांत. गाडी ताशी तीनशे किलोमीटर पळते." जणू गाडी ओदीलच चालवते.

मला याच शहरातून दोन ट्राम बदलून यायला सव्वा तास लागतो. रोज. ते कुणाला सांगत नाही ती.

६ नोव्हेंबर
"उशीर केलास, मिरेय." दिवसभरात एवढंच बोलली.

९ नोव्हेंबर
आईचे केस धुतले. म्हणाली, "ओदीलचा हात हलका आहे." ओदीलनं कधी धुतलेत तिचे केस? मी कंगवा जरा जोरात ओढला. मला बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "दोन-तीन दिवस. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

संध्याकाळी ओदीलचा फोन. "कशी आहे? येऊ का? आत्ता निघाले तर जेवणाच्या आत पोचते."

"बरी आहे," मी म्हणाले. "कशाला धावपळ करतेस? रविवारी ये सावकाश."

किती सहज निघालं तोंडातून. घरी येऊन पातेलंभर शिंपल्या शिजवल्या. एकटीनं संपवल्या.

१५ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी आई जागी होती. मी खुर्ची जवळ ओढली. "ओदीलला कळवलं मी. तिच्याकडं पाहुणे आहेत. जमणार नाही म्हणाली."

आईनं मान वळवली, माझ्याकडं बघत राहिली — बराच वेळ. एवढा वेळ तिनं मला कधी बघितलंच नव्हतं. मग माझा हात धरला. धरणारच! दुसरं उरलंय कोण तिला?

१७ नोव्हेंबर
पहाटे गेली. मी एकटीच होते जवळ. नंतर ओदीलला कळवलं. दुपारच्या आत हजर. "अचानक झालं गं," मी म्हणाले. ती नुसती रडली.

२१ नोव्हेंबर
आईला पुरून आलो. कॉफी पिताना ओदील हळूच म्हणाली, "तुझ्यावर राग नाही माझा. बुधवारी सकाळी मीच वॉर्डात फोन केला होता. नर्सनं खरं काय ते सांगितलं. आईच्या कानाला फोन लावला. मी म्हटलं, निघतेच. तर म्हणाली — नको. तू आलीस की मला मिरेय दिसतच नाही. या वेळी तिच्याकडं बघायचंय मला."

"सकाळी?" मी विचारलं.

"हो, सकाळीच. का?"

काही नाही म्हटलं. पाहुण्यांचं मी आईला दुपारी सांगितलं होतं.