बावीस गुळगुळीत नाणी आणि पुरलेले तीन ढब्बू पैसे

मी, ताहेर वल्द इस्माईल, वय एकाहत्तर, धंदा कल्हईचा (घरोघरी स्टील आल्यापासून बंद), राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे स्वखुशीने लिहितो. कोणाचा दाब नाही, डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघे विचारत नाही.

१. घर आणि दोन एकर वावर यांचे हिस्से पत्नी हाजराबी, मुलगा तौहीद व मुलगी निखत यांना शरीयतप्रमाणे जातील. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. "तू तर सासरी सुखात आहेस," असे म्हणून तौहीदने निखतचा हिस्सा गिळू नये. मी त्याला ओळखतो.

२. भाता, सांडशी व नवसागराचा डबा भाचा वकार याला. त्याने वापरावे किंवा विकावे, माझी आठवण म्हणून भिंतीला टांगू नये.

३. गल्ल्यात फडक्यात बांधलेल्या बावीस तांब्याच्या चकत्या माझ्या नाहीत. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, भगवंतरावाच्या आहेत, त्याला परत कराव्यात. १९९५ च्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरने खोल नांगरट करताना त्याच्या वावरात मडके फुटले आणि हिरवी पडलेली नाणी निघाली. कचेरीत कळवायला हवे होते. तो माझ्याकडे आला, कारण त्याच्या घरची भांडी तीस वर्षे मीच उजळत होतो. मीही शेखी मिरवली, "आत्ता चमकवून देतो." तेजाब, चिंच, रेती, परातीला करतो तेच केले. हिरवे गेले आणि त्यासोबत अक्षरेही गेली.

भगवंतराव म्हणाला, "ताहेर, तू नाणी बदलली. माह्या नाण्यांवर लिहेल होतं." माझ्या हातून झाले असे म्हणायचे सोडून मी म्हणालो, "तुह्या वावरातलं तांबंच हलकं." वऱ्हाडात माणसाला बोललेले एकवेळ खपते, त्याच्या काळ्या मातीला बोललेले खपत नाही. नाणी न घेताच तो गेला आणि भर बाजारात त्याने मला चोर म्हटले. तेरा वर्षे आमचे बोलणे बंद आहे.

४. मातीत तांब्याचे काय होते ते पाहायला १९९६ साली मी वडिलांचे बारा ढब्बू पैसे आमच्या वावरात पुरले. चार बांधावरच्या निंबाखाली, चार शेणखताच्या खड्ड्याजवळ, चार कपाशीच्या तासात. हाजराबी म्हणाली, "पैसे पेरले तर उगवणार हायत का?" दर तीन वर्षांनी प्रत्येक ठिकाणचा एकेक काढला. निंबाखालचा नुसता काळवंडला. शेणखताजवळच्याला खड्डे पडले. कपाशीतल्याचे हाल सर्वांत वाईट. तिथे दरसाल रासायनिक खताचे एक पोते वाढत गेले. त्यात उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पैसा आत झिजत राहतो. २००५ साली काढलेल्या पैशाच्या हिरव्या थरावर आकडा दिसत होता. मी थर नखाने खरवडला. आकडा गेला, खाली काहीच नव्हते. भगवंतरावाची अक्षरेही त्या हिरव्यातच उरली होती आणि मी ती मळ समजून धुतली. मी चोर नाही. पण नासवले मीच, आणि मला त्याची लाज वाटते.

५. तीन पैसे अजून पुरलेले आहेत. यंदा पाळी होती, पण मी काढले नाहीत. मी गेल्यावर, माझा चाळिसावा झाला की ते भगवंतरावाने आपल्या हाताने काढावेत. कपाशीतला आपल्याच नखाने खरवडून पाहावा. मग मला काय म्हणायचे ते म्हणावे.

६. वकील म्हणाले, आमच्यात मृत्युपत्राला साक्षीदार नसले तरी चालते. मला चालत नाही. दुसरी जागा भगवंतरावाची आहे. निखत हा कागद त्याच्याकडे घेऊन जाईल. त्याने सही केली नाही तर जागा कोरी ठेवावी, दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये.

दर्यापूर, १९ एप्रिल २००८
(सही) ताहेर इस्माईल

साक्षीदार:

१. (सही) धर्मपाल वानखडे, निवृत्त पोस्टमन, दर्यापूर

२. (सही) भगवंतराव. सगळं वाचलं. तुह्या मरणाची वाट कोन पाहीन? उद्या सकाळी फावडं घेऊन येतो. वावरातच राहजो.