तिसरा जोड

फ्रीसलँड, मार्च १९८५

प्रिय हिस्के,

विटांच्या रस्त्यावरची तुझ्या सायकलची खडखड अजून कानात आहे. युद्धात रबर मिळेना, म्हणून चाकांना लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. चोरून रेशनची कूपनं आणणारी तू, आणि आवाज अख्ख्या गावाला! हात सोडून शाळेतली टिटवीची कविता म्हणत यायचीस. घरटं वाचवायला दूर जाऊन ओरडणारी ती टिटवी. शेतकरी डाउवेच्या गोठ्यात सैनिकांपासून लपलेला मी पुढचं कडवं पुरं करायचो.

चाळीस वर्षांनी तुझ्या कॅनडातल्या पत्त्यावर लिहितोय. आपल्या शाळेत आता युद्धातल्या लढवय्यांचं संग्रहालय झालंय. मंगळवारी गेलो. फळा होता तिथे काचेचं कपाट आहे, आणि त्यात डाउवेचे म्हणून मांडलेले माझे लाकडी जोडे. टाचेवर मीच कोरलेली टिटवी! "आजोबा, काचेला नाक नका लावू, पुसावं मला लागतं," तिथली बाई हसली. मी खालची पाटी वाचत होतो. डाउवेकडे माणूस लपल्याची खबर गावातल्याच एका तरुणीने दिली, म्हणे. नाव नाही. गावाला ते सांगायला लागतंय कशाला?

खबर कोणीच दिली नव्हती, हिस्के. त्या दुपारी जर्मन सैनिक घरोघर फिरत होते. तुझी खडखड ऐकून मी गोठ्यातून घराकडे धावलो. "चिखल घेऊन आत आलास तर बघ हं, राजेसाहेब!" असं डाउवेची बायको रोज दटावायची, म्हणून सवयीने जोडे मागच्या दारात काढले. तू गेलीस, मी पुन्हा गवतात शिरलो, जोडे तिथेच राहिले. घरात चालती माणसं दोन, एक पाळण्यात, आणि दारात जोड तीन. सैनिकांनी मोजले. "दोन माझेच साहेब, एक गाईंसाठी, एक देवासाठी," डाउवे म्हणाला. त्याला नेलं. तो परत आला नाही.

युद्ध संपल्यावर फितूर ठरवून चौकात तुझे केस कापले, तेव्हा मी गर्दीत होतो. इतक्या कविता पाठ असलेल्या माणसाला दोन शब्द सुचले नाहीत.

म्हणून हे पत्र. काल संग्रहालयाच्या अभिप्राय-वहीत हे सगळं सहीनिशी लिहून आलो. क्षमा मागत नाही. फक्त तुला गावाच्या आधी कळायला हवं होतं, तेही जमलं नाही. ती वही शूर्द वाचतो. डाउवेचा शूर्द, तो पाळण्यातला. संग्रहालय त्यानेच उभं केलंय. वाटलं होतं, आता तो माझं तोंड पाहणार नाही. आणि आत्ता मागच्या दारात कोणीतरी आलंय. खिडकीतून दिसतोय, शूर्दच. हाक मारत नाही. वाकून आपले जोडे काढतोय, माझ्या जोड्यांशेजारी ठेवतोय.

उठतो.

तुझाच म्हणायचा हक्क नसलेला,
मेनो