बारीक वाळूची खोली

प्रिय इमास,

सातव्या महिन्यात माहेरी येते म्हणालीस आणि मी फोनवर नुसतं हूं हूं करत राहिले. म्हातारीला झालंय तरी काय, असं वाटलं असेल तुला. पहिलं बाळंतपण आईच्या घरी ही आपली रीत, आणि ती मीच तुला लहानपणापासून ऐकवत आले. पण फोन तुझ्या अबांच्या कानाशी चिकटलेला असतो, आणि आपल्या बांबूच्या भिंतींच्या पोटात काही राहत नाही. ओनेहमावशी तुमच्या तांगेरांगला लेकीकडे निघाली आहे, तिच्याजवळ हे पत्र देते. तिला वाचता येत नाही, ते बरंच आहे.

तुझे अबा आजोबा व्हायच्या आधीच बिघडलेत. येईल-जाईल त्याला सांगतात, "माझी इमास येतेय, गाव जेवू घालणार!" परसातली पिंपं अजून दिवसभर गरगरतात. त्यात सोन्याच्या दगडाचा चुरा, पाणी, पारा. फडक्यातून पिळून काढलेला पांढरा गोळा ते अजून माझ्या चुलीशेजारीच तापवतात. बाहेर वाऱ्याने ज्योत विझते, आणि शेजाऱ्यांची नजर सोन्यावर असते म्हणे. पारा वाफ होऊन जातो, मागे चिमूटभर पिवळं उरतं. त्या चिमटीवर तू शिकलीस, तुझं लग्न झालं, म्हणून तिला शिव्या घालताना माझी जीभ अडखळते. हल्ली त्यांच्या सदऱ्याची बटणं मीच लावते. कॉफीचा पेला ओठाशी जाईपर्यंत अर्धा सांडतो. काही बोलले की अंगावर येतात, "गप बस, वय झालंय माझं!" वय कसलं! ओनेहमावशीचा नवरा त्यांच्याहून मोठा, अजून नारळावर चढतो. पण त्याने कधी पाऱ्याला हात लावला नाही.

बांडुंगहून रत्री नावाची एक मुलगी येते, रसायनशास्त्रात संशोधन करते. आमचे केस कापून तपासायला पुड्यांत भरते. मी म्हटलं, "काय गं, गंगावनं करून विकतेस की काय?" खूप हसली. ती सांगते, पाऱ्याचं वेड फार जुनं आहे. अमर व्हायचं म्हणून राजे तो प्यायले, टोप्या करणारे कारागीर वर्षानुवर्षं तो हुंगत राहिले आणि हातपाय थरथरत गेले. मी म्हटलं, "मग आमच्या यांना सोबत मोठी आहे." पुढचं ऐकून मात्र माझं हसू पळालं. वाफ कुठे जात नाही, छपराच्या वाशांत, काजळीत, भिंतीत बसते आणि घर तापलं की पुन्हा निघते. गरोदर बाईच्या श्वासातून ती बाळापर्यंत पोचते. आपल्या भिंतीपलीकडचा ओनेहमावशीचा नातू चार वर्षांचा झाला, अजून मान धरत नाही. मावशी म्हणते, नजर लागली. रत्री नुसती त्याच्याशी खेळत बसते.

तुझी बातमी आली त्याच आठवड्यात अबांनी मागची खोली पाडून विटांची बांधायला घेतली. गवंडी नाही, मजूर नाही, सगळं एकट्याने. गिलाव्याला वाळू हवी, तर पिंपांतलं पाणी सोडतो त्या खड्ड्यात साचलेली पिठासारखी वाळू होतीच. "नदीची वाळू खरबरीत," म्हणाले, "माझ्या नातवाच्या गुडघ्यांना टोचेल." भिंती त्याच वाळूच्या, जमीनही तिचीच. हात एवढे थरथरतात, पण भिंत अगदी ओळंब्यात आहे. परवा ते सोनाराकडे गेले असताना मी मोठ्या ऐटीत रत्रीला खोली दाखवली. दार बंद होतं, पत्रा तापलेला. तिच्या हातातलं पाऱ्याची वाफ मोजायचं यंत्र माझ्या चुलीपाशीसुद्धा इतकं ओरडलं नव्हतं. ती उंबऱ्यातच थांबली. "अंबू, इथं कोण राहणार आहे?" मी सांगितलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "इथं नको, अंबू. या घरातच नको."

म्हणून येऊ नकोस, इमास. तुला माझ्या हाताने न्हाऊ घालायचं होतं, ते राहिलं. काळीज तुटतंय लिहिताना. मीच तिकडे आले असते, पण अबांना भरवणार कोण? आणि माझ्या केसांच्या पुडीतही पारा निघालाय.

पण एवढंच सांगून भागत नाही. पत्र लिहिलं ते आणखी एका कारणासाठी. अबांना खरं कळता कामा नये. पारा तापवणं घराबाहेर काढायचं भांडण मी भांडेन, आणि उंदरांचं निमित्त करून खोलीला कुलूपही घालेन. पण ज्या भिंतींवरून ते रोज हात फिरवतात, त्या त्यांच्याच नातवाला विषारी आहेत, हे कळलं तर तो माणूस उभा राहायचा नाही. आज त्यांनी खिडकीला हिरवा रंग दिला. तेव्हा लवकर फोन कर आणि सांग, सासूबाई हटून बसल्यात, बाळंतपण आमच्याकडेच म्हणतात. विहीणबाईंची मी पदर पसरून माफी मागते, हे त्यांना सांग. अबा त्यांना शिव्यांची लाखोली वाहतील, तुलाही म्हणतील, "झालीस ना सासरची!" उलटून बोलू नकोस, ऐकून घे. त्यांच्या शेजारी बसून मीही तुला नावं ठेवीन, तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ते खरं मानू नकोस, बाळ.

तुझीच,
अंबू