ताटातलं पाणी

२८ ऑक्टोबर २००३, कोल्हापूर

दिवाळी उरकली एकदाची. अव्वा आल्याच नाहीत. लेकीकडं मुरगूडलाच बसल्या. फोन केला तर म्हणाल्या, "न्हाय गं सुमन, हितं बरं हाय मला. तुमी करा की दिवाळी." सासू सणाला घरात नाही आणि ह्यांना त्याचं सोयरसुतक नाही. पाडव्याच्या सकाळी हे पितळी घंटी घासत बसलेले.

दिवसभर फाउंड्रीत शिव्या घालत फिरणारा माणूस. पुण्याच्या त्या जपानी झेन ध्यानवर्गाला जायला लागल्यापासून रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून बसतो. तो बसला की मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी व्हायला द्यायची नाही. मी नाव ठेवलंय झेनमहाराज. लिहायला सोपं म्हणून झेम.

१ नोव्हेंबर

बॅगा भरल्या. पुण्याच्या वर्गाची सगळी टोळी जपानला चाललीय, तिथल्या डोंगरातल्या देवळात राहायला. मला नेतायत कारण बाकीच्यांच्या बायका येतायत. झेमनी स्वतःची बसायची काळी गादी घेतलीय. जपानला गादी घेऊन जाणारा हा पहिलाच. मी आपली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली.

म्हटलं, जाताना मुरगूडवरनं जाऊ, अव्वांच्या पाया पडू. म्हणाले, वाट वाकडी होते. राग आला.

४ नोव्हेंबर, विमानात

झोप नाही. शिमग्याच्या वेळचं तेच डोक्यात फिरतंय. ह्यांचे मित्र चौगुले आणि त्यांची बायको जेवायला आले होते. अव्वा आमच्याबरोबर टेबलावर. जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं ताटात पाणी घातलं, बोटानं सगळीकडनं फिरवलं आणि पिऊन टाकलं. शीतसुद्धा राहत नाही मागं. आमच्या लिंगायतांत जुनी माणसं करतातच तसं. प्रसाद आहे, मोरीत जाऊ द्यायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही कसंतरीच व्हायचं. नंतर बघायची सवय झाली.

चौगुले वहिनींनी तोंड फिरवलं. पाहुणे गेल्यावर हे अव्वांना म्हणाले, "लोकांच्या समोर असली घाण करत जाऊ नकोस." घाण म्हणाले. आईच्या ताटाला.

अव्वा दुसऱ्या दिवसापासून ताट घेऊन मागच्या दारात, धुण्याच्या दगडापाशी एकट्या जेवायला लागल्या. कितीदा बोलावलं. "हितं वारं लागतंय गं." मग गौरी-गणपतीला मुरगूडला गेल्या, त्या गेल्याच. आता परत येतात का नाही, देव जाणे. ह्यांच्या घरात मला माणूस म्हणून त्या एकच.

६ नोव्हेंबर, देऊळ

देऊळ बघायला छान आहे. स्वच्छ इतकं की पाय ठेवायची भीती. झाडं लाल झालीत. बास, कौतुक संपलं.

थंडी हाडात शिरते. दारं कागदाची. आल्या आल्या सांगितलं, इथनं पुढं बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचंही नाही. म्हटलं, मरा. संडासात बसून लिहितेय. भाकरी पण इथंच खाल्ली, आवाज न करता. कडक भाकरी आवाज न करता खाऊन दाखवावी कुणीतरी.

७ नोव्हें.

गुडघे गेले. भिंतीसमोर बसायचं, डोळे अर्धे उघडे. मागनं एकजण लांब फळी घेऊन फिरतो. पेंगलं की खांद्यावर फटका. फटका खाऊन वर त्यालाच नमस्कार करायचा! झेमनी आज मुद्दाम वाकून मागून घेतला. आवाज सगळ्या खोलीत. उठले तेव्हा तोंडावर असा काही आनंद की मलाच एक लगावावीशी वाटली.

जेवण: भाताची पातळ पेज, कसलंतरी सार, पिवळ्या मुळ्याचं लोणचं. लोणच्याचा वास ओल्या गोणपाटासारखा.

८ नोव्हें.

आज झेमनी देवळातले संडास घासले. गुडघ्यावर बसून, फडक्यानं, मन लावून. वर्गाच्या सरांनी लांबनं फोटो काढला. घरी ह्या माणसानं स्वतःचं ताट कधी उचललेलं नाही. बनियन जिथं काढलं तिथं पडतं. मी बघत उभी राहिले. किळस आली. संडासाची नाही.

९ नोव्हें.

दिवा मालवायच्या आधी लिहून घेते.

इथं जेवणाला तीन वाडगी, एकात एक बसणारी. काल-परवापर्यंत वाडगी नेऊन ते लोकच धूत होते. आज म्हातारे महाराज आले आणि त्यांची खरी पद्धत दाखवली. लोणच्याची एक फोड शेवटपर्यंत ठेवायची. मग वाडग्यात गरम पाणी. त्या फोडीनं वाडगं आतनं फिरवून धुवायचं, पाणी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. फोड खायची. आणि ते पाणी पिऊन टाकायचं.

मी बघतच राहिले. अव्वा! अख्ख्या अव्वा समोर!

बाकीचे चाचपडत होते. पुण्याच्या एका बाईंनी सांडलं. एकानं डोळे मिटून औषधासारखं घेतलं. आणि झेम? फोड बाजूलाच राहिली. ह्यांचं बोट आपोआप वाडग्यात गेलं, कडेनं एक फेरी, मग तळाला, मग वाडगं तिरकं करून शेवटचा थेंबसुद्धा. लहानपणी आईच्या मांडीला मांडी लावून जेवलेलं पोर, हात कसा विसरेल? पिऊन झाल्यावर डोळ्यांत पाणी.

मला वाटलं, आठवली. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

म्हातारे महाराज पुढं येऊन बसले. ह्यांच्या हाताकडं बघून सरांना काहीतरी म्हणाले. सरांनी सांगितलं, "ते विचारतायत, इतकं सफाईनं कुठं शिकलात? घरचं वळण दिसतंय."

महाराजांनी विचारलं तर उत्तर द्यायची मुभा होती. आणि हे म्हणाले, "नाही, नाही. घरी असलं काही नव्हतं. वर्गातच शिकलो."

घरी असलं काही नव्हतं.

ओरडणार होते. बोलायचं नाही ना इथं! वाडग्यातलं पाणी तसंच राहिलं होतं माझं. मुळ्याचा वास, वर भाताचं एक शीत तरंगतंय. सगळे माझ्याकडं बघत होते. गिळलं. पाण्यानं मळमळलं का त्या वाक्यानं, कळलं नाही. बाहेर जाऊन ओकले. एका भिक्षू पोरीनं पाठ चोळली. काही न बोलता. तेवढीच इथली चांगली गोष्ट.

१२ नोव्हें., परतीची गाडी

देवळाच्या फाटकाबाहेर पाय पडला आणि तोंड उघडलं.

"अव्वांचं नाव सांगायला लाज वाटली?"

"ते वेगळं गं."

"काय वेगळं?"

"इथं त्याला अर्थ आहे. सजगता आहे. अव्वा आपलं सवयीनं करते."

म्हटलं, अव्वांना अर्थ विचारलात कधी? हे खिडकीतनं डोंगर बघायला लागले. वर म्हणतात कसे, "तुझा राग बघ. श्वासाकडं लक्ष दे." श्वासाकडं! बाजूला पुण्याच्या बाई होत्या म्हणून वाचले.

दुकानातनं वाडग्यांचे जोड घेतलेत. लाकडी, काळेभोर, आतनं लाल. घरी कार्यक्रम करणार म्हणे. मित्रांना दाखवणार.

१९ नोव्हेंबर, कोल्हापूर

कार्यक्रम रविवारी. चौगुले नवरा-बायको, उद्यमनगरातले कारखानदार दोघे-तिघे, बायकांसकट. झेमनी फोनवर सगळ्यांना सांगितलं, "जेवायची एक वेगळी पद्धत दाखवतो, थक्क व्हाल." अव्वांना बोलवायचं का विचारलं तर म्हणाले, "एवढ्या गर्दीत तिला कशाला त्रास."

ठीक. मुरगूडची एस.टी. मला पण कळते.

२२ नोव्हें.

मुरगूडला गेले. अव्वा अंगणात शेंगा फोडत होत्या. बारीक झाल्यात. म्हटलं, चला घरी. "कशाला गं? तुमचं पावनं येनार, मी मधी कुठं बसू?" म्हटलं, पाहुण्यांसाठी नाही, माझ्यासाठी चला.

अजून चार शेंगा फोडल्या. मग विचारलं, "त्या देवळात काय खाल्लंसा?"

सगळं सांगितलं. वाडगं, पाणी, बोट, सगळं. ते एक वाक्य सोडून. ते नाही सांगवलं.

हसल्या तोंडावर पदर धरून. ह्यांना त्या शिवूच म्हणतात. "शिवू प्याला? खरं सांगतीस?" परत परत विचारत होत्या. "बोट कसं फिरवलं त्येनं?" मी हवेत फिरवून दाखवलं. "व्हय, तसंच. मीच शिकिवल्यालं की." लगेच पिशवी भरायला उठल्या. नणंद म्हणाली, दोन दिवस थांब. "न्हाय बाई, मी जातो. पोरगं सुदरलंय."

एस.टी.त खिडकीशी बसून सगळी वाट बोलत होत्या. मी नुसतं हं हं म्हणत होते.

२३ नोव्हें., रविवार

लिहू का नको. लिहिते.

हॉलमध्ये सतरंजी, समया, उदबत्ती. झेम मधोमध गादीवर. चौगुल्यांना मांडी घालता येईना, खुर्ची दिली. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून. नवं लुगडं नेसल्या होत्या.

झेमनी वाडगी फडक्यातनं सोडवली, भात खाल्ला, पाणी ओतलं, फिरवलं, प्यायलं. बोलत होते सावकाश, पुण्याच्या सरांच्या आवाजात. अन्नाचा एक कणही वाया जाऊ द्यायचा नाही, हीच साधना, वगैरे. चौगुले वहिनी म्हणाल्या, "किती सुंदर हो! काय संस्कृती आहे ना त्या लोकांची!"

ह्याच त्या. शिमग्याला ह्याच बाईंनी तोंड फिरवलं होतं. मला वाटलं समई उचलून फेकावी.

चौगुल्यांनी विचारलं, "हे सगळं तिकडंच शिकला व्हय?"

झेमनी मान हलवली. "तिकडंच. म्हणजे वर्गात सुरुवात झाली, पण खरं देवळात."

मी अव्वांकडं बघितलं. चेहरा हलला नाही. नुसता पदर सारखा केला.

मग मला राहवलं नाही. सगळ्यांच्या समोर म्हटलं, "ह्यांना आईनं शिकवलंय. अव्वा रोज करतात." झेमनी माझ्याकडं असं बघितलं! पण तोंड सांभाळण्यात वस्ताद. लगेच हसले. "हो की! आमच्या अव्वा पण करतात, बरं का! ये अव्वा, दाखव सगळ्यांना."

दाखव. सर्कशीतल्यासारखं.

अव्वा आल्या. मी ताट वाढलं, स्टीलचं, त्यांचं नेहमीचं. भात, आमटी, वांग्याची भाजी. खाली बसून निवांत जेवल्या, कुणाकडं न बघता. पाहुणे पुढं सरकून बघत होते. एकानं कॅमेरा काढला.

जेवण झालं. ताटात चार शितं आणि आमटीचा ओघळ. अव्वांनी तांब्या उचलला. पाणी ताटात घेतलं.

आणि हात धुतला. ताटात. उष्टा हात, शितांवर, खळखळून.

एवढ्या वर्षांत त्या ताटात कुणी हात धुतलेला मी बघितला नाही. आमचा पोरगा, आता शिकायला बाहेर असतो, तो लहान असताना एकदा धुवायला गेला तर त्याचा हात धरला होता त्यांनी.

"न्हाय बाबा, मी सोडलं त्ये," अव्वा म्हणाल्या. "लोकांच्या समोर घाण दिसतंय."

पदराला हात पुसत आत गेल्या. चौगुले वहिनी खाली बघत होत्या. आइस्क्रीम कुणी खाल्लं नाही. पाहुणे लवकर गेले.

ते ताट मीच उचललं. मोरीशी नेलं, पण ओतायला हात होईना. तुळशीत ओतलं.

२४ नोव्हें., दुपार

सकाळी झेम भिंतीसमोर बसले नाहीत. फाउंड्रीतही गेले नाहीत. मला म्हणाले, "तू मुद्दाम केलंस." म्हटलं, व्हय, मुद्दामच केलं. मग काळी वाडगी बॉक्समध्ये घालून माळ्यावर टाकली. बरं झालं. त्यानं माझा राग गेलाय असं नाही.

अव्वांची पिशवी दारात भरलेली. संध्याकाळच्या गाडीनं जातो म्हणतायत. मी पाया पडून थांबा म्हटलं, तर नुसतं माझ्या गालाला हात लावला.

मघाशी अव्वांनी ताट घेतलं आणि मागच्या दारात, दगडापाशी जाऊन बसल्या. मी वाढून आत आले. बघते तर हे स्वतःचं ताट घेऊन चाललेत. स्वतः वाढून घेतलेलं. भाजी वाढायला विसरलेत. दगडाच्या दुसऱ्या बाजूला खाली बसले, लुंगी ओली झाली तरी.

दोघं जेवले. अव्वांनी मध्ये एकदा आपल्या ताटातली भाजी त्यांच्या ताटात सरकवली.

झालं जेऊन. ह्यांनी तांब्या घेतला, आधी अव्वांच्या ताटात पाणी घातलं, मग आपल्या. बोट नाही घातलं. अव्वांनीही नाही.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून लिहितेय. ताटं समोर तशीच. पाणी गढूळलंय. अव्वा ह्यांच्या ताटाकडं बघतायत आणि हे अव्वांच्या. अजून कुणी उचललेलं नाही.