ईडिथ हे नाव आणि त्यामागचे घर

मी, ईडिथ मर्गट्रॉयड, वय ७९, अविवाहित, राहणार हेस्कबी, यॉर्कशायर, पूर्ण शुद्धीत आणि आज जरा खुशीतच असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची सगळी रद्द समजावीत.

१. माझे नाव जुन्या इंग्रजीतले. त्याचा अर्थ समृद्धी आणि युद्ध, असे आमचे पाद्रीबाबा सांगतात. समृद्धी काही दिसली नाही, युद्धे मात्र पोटभर झाली. आईने ते ठेवले कारण वडिलांच्या श्रीमंत आत्याचे नाव ईडिथ होते. ज्याच्या इस्टेटीवर डोळा, त्याचे नाव पोराला, ही आमच्याकडची रीत. आत्याने मला बारशाला चांदीचा पेला दिला आणि मरताना घर दिले मांजरांच्या आश्रमाला. त्या दिवसापासून आई मला ‘डॉली’ म्हणू लागली. मी नऊ वर्षांची होते. फार वाईट वाटले होते.

२. कुदळ, फावडी आणि भोपळ्याचे बियाणे श्री. जेराल्ड टॅटरसॉल यांना. गावच्या प्रदर्शनात सोळा वर्षे त्यांनी माझ्या भोपळ्याला दुसरा नंबर दिला. आता स्वतः पिकवून पाहावा.

३. घर सामानासुमानासह भाचा क्लाइव्ह याला. त्याची बायको हेदर हिला आठवा महिना आहे, आणि ईस्टरपासून ती मला “मुलगी झाली तर ईडिथच” असे ऐकवते आहे. हल्ली हे नाव कोणी शेळीलाही ठेवत नाही, तेव्हा मला कळायचे ते कळले. म्हणून स्पष्ट लिहिते: बाळाचे नाव काहीही ठेवले तरी घर त्यांचेच. घरासाठी कोणत्याही पोरीला नाव मिळू नये.

४. सह्यांपूर्वी कलम ३ मी हेदरला वाचून दाखवले. ती केक खात होती.

“म्हणजे घर आमचं? नक्की?”

“नक्की.”

“मग आता ऐका, आत्या. नाव ईडिथच. इस्पितळात ती मेट्रन माझं ऐकून घेईना, तेव्हा तुम्ही छत्री आपटून तिला गप्प केलंत. माझ्या पोरीला तसं भांडता आलं पाहिजे.”

“शाळेत चिडवतील तिला.”

“चिडवू देत. तुम्ही आहात ना.”

मला रडू आले, हे नोंदवून ठेवते. कलम ३ आहे तसेच राहील. मात्र त्याची अंमलबजावणी करण्याची कोणी घाई करू नये. मला त्या पोरीला शाळेत पोचवायला जायचे आहे.

सही: ईडिथ मर्गट्रॉयड

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
रेव्ह. ऑब्रे फॉसेट, पाद्री
श्रीमती नेली ब्रॅडबरी, टपालकचेरी

हेस्कबी, १४ सप्टेंबर १९७६