निळ्या कागदाखालची खूण

मी, श्रीमती वच्छला बाबुलाल गजभिये, वय ६७, धंदा संगणक दुरुस्ती व टायपिंग (आता बंद), राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी सांगितले म्हणून नव्हे, राहवत नाही म्हणून. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. येत्या मंगळवारी नागपूरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर तीनदा म्हणाले, तेव्हाच मी कागद काढला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि अंगण मुलगा सुगत व मुलगी सरिता यांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालू नये. सीताफळाच्या झाडाला हात लावू नये.

कलम २. बँकेतली ठेव एकट्या सरिताला. सुगतला पुण्यात शिकवताना तिचे शिक्षण अर्ध्यात राहिले. हे सुगतलाही माहीत आहे, त्यामुळे त्याने तोंड वाकडे करू नये.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पाने, चिमटा, सोल्डरिंगची गन, शेजारच्या लीलाबाईंची सून रीता हिला. तिचा हात कापत नाही. चांदणी तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर यादोराव मोबाईलवाल्याने "दोन मिनिटांत आणून देतो" म्हणून नेला, त्याला आठ वर्षे झाली. तो आधी परत घ्यावा, मगच यादोरावला मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला बसवावे.

कलम ४. रस्त्याकडची दुकानाची खोली माझे धाकटे दीर संघपाल यांना द्यावी. कारण पुढच्या कलमात आहे. ते लिहायला मला कठीण जात आहे.

कलम ५. दुकानातला जुना संगणक. त्यात तीन हार्ड डिस्क आहेत आणि तो गुरुवारपासून मी बंद केलेला नाही. मी दवाखान्यात असताना कोणीही त्याची पिन ओढू नये, झाडू मारण्यासाठीसुद्धा नाही. (आताच उठून पाहून आले. चालू आहे.)

माझे पती बाबुलाल शिक्षक होते. छप्पन्न साली दीक्षेसाठी आमच्या भागातून पायी, बैलगाडीने नागपूरला गेलेल्या एकेचाळीस म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांनी गावोगाव फिरून वह्यांत उतरवल्या, काहींचे आवाजही घेतले. ते २००८ साली गेले. मग संघपालने रोज संध्याकाळी दुकानात बसून त्या वह्या टाइप केल्या, आवाजही संगणकात घातले. जी वही संपेल ती मी रद्दीत देत गेले, संगणकात आले आहे म्हणून. ही माझी पहिली चूक.

दुसरी त्याहून मोठी. डिस्क ओळखू याव्यात म्हणून पंचशील ध्वजाच्या पताकांचा उरलेला कागद मी प्रत्येकीवर चिकटवला. आठवणी असलेली निळी, विंडोजची पांढरी, नवी आणलेली पिवळी. जुन्या डिस्क एका पट्टीवर, म्हणजे चपट्या केबलवर, दोन जोडायच्या तर एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवावे लागते. मागच्या काड्यांवर एक इवलीशी टोपी असते. ती कुठे बसवायची याचा नकाशा डिस्कच्या लेबलावरच छापलेला असतो, आणि मी कागद नेमका त्यावर चिकटवला होता.

३० ऑक्टोबर २००९ च्या सकाळी मी निळीच्या जोडीला पिवळी लावली. टोपी दोघींचीही मास्टरवर होती. दोन मास्टर एका पट्टीवर चालत नाहीत. पडद्यावर विंडोजच्या पांढरीशिवाय एकच डिस्क आली, तीही रिकामी. दोन्ही सारख्याच मापाच्या, एकाच कंपनीच्या, म्हणून ती निळीच असे मी धरून चालले. यंत्र मी उघडले होते, आणि माझ्या हातून चूक होत नाही असे सगळी लाखनी म्हणायची. आदल्या संध्याकाळी शेवटचा बसला होता संघपाल.

तो म्हणाला, "वहिनी, बाबासाहेबाची शपथ, म्या काहीच नाही मिटवलं."

आमच्या घरात ही शपथ कोणी खोटी घेत नाही. हे माहीत असून मी म्हणाले, "मंग भुतानं मिटवलं काय? जाय माह्या घरातून."

तो गेला. नाकाडोंगरीला खाणीत लागला. सोळा वर्षे आमचे बोलणे नव्हते. वस्तीत त्याला भावाची मेहनत बुडवणारा म्हणत, आणि मी ते थांबवले नाही. निळी मी रागाने पेटीत टाकली होती.

गेल्या गुरुवारी मृत्युपत्रासाठी सामान मोजताना पेटी उघडली. सुगत फोनवर म्हणाला, "आई, ते भंगार कायले जमा करून राहिली?" मी हट्टाने तिन्ही डिस्क पुन्हा जोडल्या. पुन्हा तेच, एकच दिसे. नखाने निळा कागद खरवडला. खाली नकाशा होता. चिमट्याने पिवळीची टोपी हलवली, बटण दाबले, आणि दोन्ही दिसल्या. रिकामी होती ती नवी पिवळी. निळीतली फाईल उघडली. एकेचाळीसही माणसे जागच्या जागी होती. शेवटचे सेव्ह २९ ऑक्टोबर, सायंकाळी सहा चाळीस. मी जमिनीवर बसून रडले.

मजकूर पेनड्राइव्हवर उतरवला आहे. पंधरा जणांचे आवाज उतरताना अडले आहेत. निळी आता कट कट वाजते, बंद केली तर परत उठेल याचा भरवसा नाही. म्हणून जिवाला चैन नाही.

रविवारी लीलाबाईंना मशीनजवळ बसवून मी नाकाडोंगरीला गेले. संघपालला दारातच सगळे सांगितले, हात जोडले. मग त्याने विचारले, "जनाबाईचं हाय का त्यात? ते त्याच संध्याकाळी टाकलं होतं म्या."

एकेचाळिसांतली ती शेवटची आठवण. आहे म्हटले. तो आत गेला, तोंड धुऊन आला.

कलम ६. या आठवणींचे पुस्तक सुगतने छापावे. संकलन बाबुलाल गजभिये, टंकलेखन संघपाल गजभिये, दोन्ही नावे सारख्याच अक्षरात. माझे नाव कुठेही नको. हे कलम ५ मात्र माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मोठ्याने वाचावे, यादोराव बसलेला असो वा नसो.

कलम ७. कलम ४ रद्द समजावे. ते खोडत नाही, मी काय द्यायला निघाले होते ते मुलांना कळावे. आज संघपाल लाखनीला आला. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे वाद होतात, असे वकिलांनी बजावले होते. म्हणून मी साक्षीला दुसरा माणूस पाहत होते. संघपाल म्हणाला, "खोली नोको मले, वहिनी. सही करू द्या. सोळा वर्षं या घरात माह्या सांगण्याले किंमत नोती."

तेव्हा खोली सुगत व सरिता यांना.

मी शुद्धीवर आहे आणि वरचे सर्व खरे आहे, याची साक्ष तो देत आहे. माझ्याजवळ याहून भक्कम साक्षीदार नाही.

ठिकाण: लाखनी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: वच्छला बाबुलाल गजभिये (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. लीलाबाई तुलाराम बोरकर, शेजारीण (सही)
२. संघपाल गोमाजी गजभिये, दीर (सही)