दोरा ओला झाला तेव्हा

प्रिय तेआरिकी,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझी अकाइती परवा ऐतुताकीहून आली, ती थेट माझ्याकडे. चहाचा कप बाजूला सारून म्हणाली, "मावशी, बाबांनी उपचारांसाठी काढलेलं ऑकलंडचं तिकीट परत केलं. म्हणतात, गळ्यातल्या गाठीने मरेन, पण व्हाइनेसारखा कोरड्या तोंडाने जगणार नाही." पोरगी रडत होती आणि मला, खरं सांगू, हसू आलं. माझ्या तोंडाची कीर्ती तुमच्या बेटावर पोचली तर! मग ते कसं होतं नि आता कसं आहे, हे माझ्याकडूनच ऐक.

ऑकलंडला माझ्या गाठीला रेडिएशन देताना चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला अडकवतात. त्या वेळी दुखत काहीच नाही. मी डोळे मिटून मनाने किनाऱ्यालगतच्या, खडकांच्या आतल्या आपल्या शांत समुद्रात उतरायची. सुरुवातीला पाणी छातीपर्यंत असायचं, निळे मासे पोटऱ्यांना लागायचे. पुढे पुढे पाणी ओसरत गेलं. शेवटी मी कोरड्या वाळूवरून चालत थेट बाहेरच्या खडकापर्यंत जायची. तिथे तू बसलेला असायचास, अठरा वर्षांचा, शर्टाची बटणं चुकीची लावलेला. मुखवटा काढला की गाल ओले असायचे, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीबरोबर लाळेच्या ग्रंथीही भाजतात. काही मरतात, काही नुसत्या झोपी जातात. कुठल्या जाग्या होतील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वाट बघू या."

घरी आले तर नारळाच्या दुधातला तारोचा कंदसुद्धा कापसासारखा लागे. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये पवित्र भाकरीचा पापुद्रा टाळ्याला चिकटला, तो सुटेचना. शाळेतल्या सिस्टर क्लेमांसनी लहानपणी बजावलेलं, दात लावायचा नाही, बोट तर नाहीच नाही. प्रार्थना संपली, लोक घरी गेले, आणि साठी उलटलेली मी शिक्षेला बसवलेल्या मुलीसारखी तोंड मिटून बाकावर. शेवटी फादर पेला घेऊन आले. "व्हाइने, देव पाण्यात विरघळला तर रागवत नाही. पी बघू." प्याले. पण त्या दिवसानंतर कितीतरी रविवार मी भाकरी घ्यायला पुढे न जाता मागच्या बाकावरच बसून राहिले.

खरं रडू आलं ते बायकांबरोबर शिवायला बसले तेव्हा. तुझ्या आईला तू पाहिलंयस, आपल्या बायका तिवाएवाए गोधडीवर फुलं-पानं शिवताना दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतात, मग ते सुईत जातं. मी टोक जिभेवर ठेवलं. ते पिंजारलेलंच राहिलं. पुन्हा ठेवलं. शेजारच्या उपोकोने आपल्या तोंडात दोरा ओला केला, ओवला आणि सुई माझ्या हातात दिली. मेतुआ आजी पलीकडून ओरडली, "अगं, थुंकी उसनी देतेस, पण परत कशी घेणार?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि बाहेर जाऊन फणसाच्या झाडाला धरून रडले. तेव्हापासून माझी सुई कुणा ना कुणाच्या तोंडच्या दोऱ्यावर चालली.

मग दुसऱ्या वर्षी, कैऱ्यांच्या दिवसांत, उपोको मीठ लावून फोडी कापत होती. वास माझ्यापर्यंत आला. सवयीने दोरा ओठांत धरलेला होता. एकाएकी कानाखाली कळ आली, गोड, लहानपणची. वाटलं, कुठूनतरी भरती येतेय. मी दोरा बाहेर काढून उजेडात धरला. टोक ओलं, टोकदार. "काय गं, ओवून देऊ?" उपोकोने विचारलं. मी दोरा तिच्या नाकासमोर नेला. मेतुआ आजी म्हणाली, "झालं! आता बस आणि सगळ्यांच्या सुया ओव!" त्या दुपारी खरंच ओवल्या, तोंड दुखेपर्यंत.

सगळं परत आलं, असं मात्र तुला सांगणार नाही. पाण्याच्या बाटलीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. कडक बिस्किट चहात बुडवावं लागतं, दात लहान मुलांसारखे जपावे लागतात, गाण्याच्या मधेच घोट घ्यावा लागतो. तुझं माझ्याहून कमी येईल की जास्त, कुणी सांगू शकत नाही. पण माशाची चव मला पुन्हा लागते, तेआरिकी. लिंबाचीही.

हे सगळं अकाइतीबरोबर तोंडी सांगून पाठवता आलं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तुझं तिकीट मी तिला पुन्हा काढायला लावलंय, येत्या गुरुवारचं. आणि शेजारची जागा मी घेतलीय. माझं तिथे काही काम नाही, तपासणीही नाही. तुझ्या वडिलांचं चर्च नि माझ्या आईचं चर्च, पंथ वेगळे, दोहोंमध्ये एक रस्ता होता. तो आपल्याला तेव्हा ओलांडता आला नाही. आता तुझी बायको नाही, माझा नवरा नाही, आणि रागवायला ते म्हातारेही उरले नाहीत. लोक बोलतील. बोलू देत, त्यांच्या तोंडाला पुष्कळ पाणी आहे. तू रोज त्या खोलीतून बाहेर येशील तेव्हा दाराशी मी बसलेली असेन. इथे, रारोटोंगाच्या विमानतळावर ये. यायचं नसेल तर तसं तूच येऊन सांग, माझ्या तोंडावर.

तुझीच,
व्हाइने